आधी परवाना, मग चढाई, शेवटी गळ

काश्मीरच्या ग्रेट लेक्स ट्रेकचा हंगाम जवळ आला, की गळाची आवड असलेल्या वाचकांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ट्रेकच्या परवानगीत मासेमारीचा परवाना आलाच ना? खाडीवर गरवायला नेतो तोच रॉड चालेल का? गळ विमानात नेता येतो का? पकडलेला मासा तिथेच शिजवला तर चालतो का? विष्णसर, कृष्णसर, गडसर, नुंदकोल आणि गंगाबल ही नावे सगळ्यांना पाठ असतात. मात्र तिथे मासेमारी करायची तर तयारीला कुठून सुरुवात करायची, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

यातले बहुतेक घोटाळे तयारीचा क्रम चुकल्यामुळे होतात. आपण आधी रॉड विकत घेतो, मग तिकीट काढतो आणि परवान्याचे श्रीनगरला पोचल्यावर बघू म्हणतो. हा क्रम उलटा करा. आधी परवाना, मग शरीराची उंचीसाठी तयारी आणि सर्वांत शेवटी गळ. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सरोवर की नदी, हे आधी ठरवा

ट्राउट हा मूळचा काश्मीरचा मासा नाही. १८९९ मध्ये इंग्लंडहून पाठवलेली त्याची अंडी वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली खेप जगली आणि श्रीनगरजवळ हारवन इथे बीजोत्पादन सुरू झाले. तिथून ब्राऊन ट्राउट खोऱ्यातल्या नद्यांमध्ये आणि उंचावरच्या सरोवरांमध्ये पसरला. म्हणजे ट्राउटसाठी सरोवरापर्यंत चढलेच पाहिजे असे नाही. तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत:

- नदीवरचा पट्टा: सिंध, लिद्दर, ब्रिंगी या नद्यांचे मासेमारीसाठी पट्टे पाडलेले आहेत. त्यांना तिथे 'बीट' म्हणतात. रस्ता जवळ, उंची कमी, मुक्कामाची सोय चांगली. ज्यांनी आजवर ट्राउट पकडलेला नाही, ज्यांच्यासोबत लहान मुले आहेत किंवा ज्यांना चढ झेपत नाही, त्यांनी हाच पर्याय घ्यावा.
- गंगाबल आणि नुंदकोल: हरमुख पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ३,५०० ते ३,६०० मीटर उंचीवर ही दोन सरोवरे जवळजवळ आहेत. नारानाग गावातून खड्या चढाने वर जावे लागते. गंगाबलचे पाणी नुंदकोलमध्ये उतरते आणि तिथून वांगथ नाल्यामार्गे सिंध नदीला मिळते. फक्त मासेमारीसाठी तीन-चार दिवस काढणाऱ्यांना ही जागा सोयीची आहे.
- पूर्ण ग्रेट लेक्स ट्रेक: सोनमर्गहून निघून निचनाई खिंड ओलांडून विष्णसर, कृष्णसर, मग सुमारे ४,२०० मीटरवरची गडसर खिंड, गडसर, सातसर, गंगाबल आणि शेवटी नारानाग. साधारण आठवडाभराची चाल. इथे मासेमारीला वेळ मिळतो तो मुक्कामाच्या संध्याकाळी आणि पहाटे, तेवढाच. गळासाठी स्वतंत्र दिवस हवा असेल तर तो आयोजकाकडून आधीच मागून घ्या. ऐन वेळी गट तुमच्यासाठी थांबणार नाही.

पहिल्यांदाच जात असाल, तर दोन दिवस सिंध नदीवर आणि नंतर गंगाबल-नुंदकोल असा बेत सर्वांत चांगला. नदीवर फ्लाय (किड्यासारखे दिसणारे हलके कृत्रिम आमिष) टाकायचा सराव होतो आणि शरीर उंचीला सरावते.

परवाना: ट्रेकचा वेगळा, मासेमारीचा वेगळा

ट्रेक कंपनी मिळवते ती परवानगी फक्त चालण्याची आणि मुक्कामाची असते. मासेमारीचा परवाना जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो आणि तो गळ टाकणाऱ्या व्यक्तीच्या नावावर असतो. एका परवान्यावर चौघांनी आळीपाळीने रॉड धरणे हा नियमभंग आहे.

- निघण्याच्या किमान महिनाभर आधी विभागाच्या संकेतस्थळावर अर्जाची सोय आणि चालू वर्षाचे दर पाहा. भारतीय आणि परदेशी पाहुण्यांसाठी दर वेगळे असतात. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत येणार असतील तर हे ध्यानात ठेवा.
- अर्जात सरोवराचे किंवा बीटचे नाव आणि तारखा स्पष्ट लिहा. लिद्दरचा परवाना गंगाबलला चालत नाही.
- ट्रेकमध्ये हवामानामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो. तारीख बदलता येते का आणि शुल्क परत मिळते का, हे अर्ज करतानाच विचारा.
- परवान्यामागच्या अटी वाचा. दिवसाला किती मासे ठेवता येतात, किती लांबीपेक्षा लहान मासा सोडून द्यायचा, कोणते आमिष चालते आणि कोणते चालत नाही, हे त्यात असते. जुन्या प्रवासवर्णनातल्या किंवा मित्राने सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नका. तुमच्या हातातल्या परवान्यावर छापले असेल तेच खरे.
- मूळ परवाना, पावती आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या पाकिटात अंगावर ठेवा. विभागाचा रखवालदार तपासायला आला तर ते दाखवणे तुमचे कर्तव्य आहे. त्याने दंड केला तर पावती मागणे हा तुमचा हक्क आहे. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकू नका. दाचीगाम उद्यानातल्या प्रवाहात ट्राउट दिसतात म्हणून मोह होतो, तो आवरा.

केव्हा जावे

जून संपेपर्यंत खिंडींमध्ये बर्फ असतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात रात्री पाणी गोठू लागते. त्यामुळे उंच सरोवरांसाठी जुलै ते सप्टेंबरचा मध्य एवढाच काळ हाती राहतो. आपल्याकडे तेव्हा मुसळधार पाऊस आणि गणपतीची लगबग असते, म्हणून रजा आणि तिकिटे लवकर ठरवा. काश्मीरमध्ये पाऊस आपल्याइतका नसतो, पण उंचावर दुपारनंतर ढग भरून गडगडाट होणे नेहमीचेच आहे.

ब्राऊन ट्राउट थंडीच्या तोंडावर अंडी घालतो आणि त्यासाठी त्याला वाहते पाणी व खडीचा तळ लागतो. म्हणून हंगाम बंद होण्याच्या तारखा काटेकोर पाळा. सप्टेंबरमध्ये गेलात तर सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांच्या खडीतून चालू नका.

आणखी एक गोष्ट तपासा: वाट खुली आहे का? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ झालेल्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे बंद केली गेली आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने उघडली. पैसे भरण्यापूर्वी चालू वर्षी तुमचा मार्ग खुला असल्याची खात्री थेट प्रशासनाकडून किंवा पर्यटन विभागाकडून करून घ्या.

उंची: इथे घाई करू नका

श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर आणि गंगाबल ३,५०० मीटरच्या वर. मुंबई-पुण्याहून विमानाने उतरून दुसऱ्याच दिवशी नारानागचा चढ चढलात, तर सरोवराकाठी डोके धरून बसावे लागेल. सह्याद्रीत कितीही गड सर केलेले असोत, कळसूबाई १,६४६ मीटरच आहे. दम टिकवण्याची सवय वेगळी आणि विरळ हवेची सवय वेगळी.

- सोनमर्गला दोन रात्री राहा. दिवसा थोडे वर चढून पुन्हा खाली झोपायला या.
- ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. मार्गामुळे ते शक्य नसेल तर एक दिवस विश्रांतीचा धरा.
- डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली की वर चढणे थांबवा.
- चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब खाली न्या.
- ॲसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण यांची माहिती त्यांना आधी द्या.
- हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर नदीवरचा पर्याय निवडा. तिथला ट्राउट कमी प्रतीचा नसतो.

सामान: खाडीचे सगळेच चालत नाही

कोकणात गरवणाऱ्यांकडे जाड तंगूस, शिशाची वजने आणि मोठे गळ असतात. सरोवराचे पाणी तळ दिसेल इतके नितळ असते. त्यात जाड दोरा पाहताच ट्राउट दूर जातो.

*फ्लाय फिशिंगसाठी:*
- नऊ फुटी, ५-वेटचा (पाच क्रमांकाच्या लाइनसाठीचा), चार तुकड्यांत सुटणारा रॉड. तो पाठपिशवीत बसतो.
- तरंगणारी लाइन, तिच्या टोकाला नऊ फुटी लीडर (निमुळता पारदर्शक दोरा) आणि त्यापुढे ४एक्स ते ५एक्स टिपेट (शेवटचा बारीक दोरा).
- पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लाय, बुडणाऱ्या निम्फ आणि वेट फ्लाय, प्रत्येकी काही, लहान आकाराच्या. तपकिरी, काळा आणि गडद हिरवा हे रंग पुरेसे.

*स्पिनिंगसाठी:* सहा-सात फुटी हलका रॉड, लहान रीळ, चार ते सहा पौंडांचा दोरा. मात्र तुमच्या परवान्यात स्पिनर चालतो का, हे पाहूनच हे सामान घ्या. अनेक ट्राउट पट्ट्यांवर फक्त कृत्रिम फ्लायला परवानगी असते. गांडूळ, पीठ, जिवंत मासा अशी आमिषे नेऊच नका.

*दोन्हींसाठी:* पोलराइज्ड गॉगल, रबरी जाळीचे हातजाळे, गळ काढायची लांब चिमटी आणि छोटी पक्कड. पक्कडीने गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाका. अशा गळाने मासा सोडणे सोपे जाते आणि तो बोटात रुतला तरी सहज निघतो. डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर असताना हे फार महत्त्वाचे आहे.

सामान आधी दुसऱ्या पाण्यात वापरलेले असेल तर धुऊन पूर्ण वाळवून न्या. ओल्या बुटांतून आणि जाळ्यांतून शेवाळ व माशांचे रोग एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात.

प्रवासात काय कुठे ठेवावे

- गळ, चाकू, पक्कड आणि रॉड चेक-इन सामानात टाका. गळांना खोके हवेच.
- पॉवर बँक मात्र केबिनच्या पिशवीतच ठेवा.
- स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही. तो श्रीनगरला विकत घ्या किंवा आयोजकाकडून घ्या.
- श्रीनगर विमानतळावर सामानाची तपासणी प्रवेशद्वारापासून सुरू होते. परतीच्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ हाती ठेवा.
- बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालेल असे गृहीत धरू नका. गटात एकाकडे तरी पोस्टपेड हवे. सरोवरांवर कुठलेच सिम लागत नाही. घरच्यांना परतीची तारीख लिहून द्या.
- वरच्या वाटेवर यूपीआयचा उपयोग नाही. घोडेवाल्यांसाठी आणि वाटाड्यासाठी रोख पैसे ठेवा.

सरोवरावर मासा कुठे असतो

नदीत ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी अन्नाची वाट पाहतो. सरोवरात पाणी त्याला काही आणून देत नाही, म्हणून तो काठाकाठाने फिरत राहतो. गेल्या गेल्या गळ टाकू नका. दहा मिनिटे उंचावरून पाण्याकडे नुसते पाहा. फिरणारे मासे दिसतात आणि त्यांचा मार्गही कळतो. फ्लाय माशाच्या अंगावर न टाकता त्याच्या वाटेवर, काही हात पुढे टाका.

या जागा आधी पाहा:

- ओढा सरोवराला मिळतो ते मुख आणि पाणी बाहेर पडते ती जागा. नुंदकोलसारख्या ठिकाणी या दोन्ही जागा पायी फिरण्याजोग्या आहेत.
- उथळ पाणी एकदम खोल होते ती रेषा. पाण्याचा रंग तिथे बदलतो.
- वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ. वाऱ्याने लोटलेले किडे तिथे जमतात.
- मोठ्या शिळांची सावली.

पहाट आणि सूर्यास्ताच्या आसपासचा वेळ सर्वांत चांगला. उन्हात सावली पाण्यावर पडू देऊ नका, भडक कपडे टाळा, पाय आपटत चालू नका. माशाला काठावरची थरथर कळते.

आणि तीन गोष्टी कधीच करू नका. गडगडाट सुरू असताना रॉड हातात धरू नका. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. सरोवरात पोहू किंवा छातीभर पाण्यात उतरू नका; बर्फाच्या पाण्याने चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय आखडतात. एकट्याने तंबूपासून दूर गळ टाकायला जाऊ नका.

मासा हाती आल्यावर

वर्षातले अनेक महिने गोठलेल्या सरोवरात अन्न कमी असते आणि मासा सावकाश वाढतो. तिथला मोठा मासा अनेक हिवाळे काढलेला असतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे: परवाना ठेवायला मुभा देत असला तरी सरोवरातले मासे सोडून द्या. फार तर गटासाठी एखादा ठेवा.

सोडायचा असेल तर:

1. मासा फार दमवू नका, लवकर जवळ आणा.
2. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला बुरशी लागते.
3. शक्यतो पाण्यातच, जाळीत ठेवून गळ काढा. कल्ल्यांना बोट लावू नका.
4. फोटो काढायचा तर कॅमेरा आधी तयार ठेवा. मासा काही सेकंदांहून जास्त पाण्याबाहेर नको.
5. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका. दोरा तोंडाजवळ कापा.
6. मासा स्वतःहून निसटेपर्यंत पाण्यात आधार द्या.

ठेवायचा असेल तर लगेच मारा, तडफडत ठेवू नका. साफ करायचे काम तंबूपासून आणि पिण्याच्या पाण्यापासून लांब करा. या डोंगरांत अस्वले आहेत आणि त्यांना वास फार लांबून येतो. आतडी सरोवरात टाकू नका. चुलीसाठी झुडपे तोडू नका, स्टोव्ह वापरा.

आणि ट्राउट खायची हौस असेल तर त्यासाठी सरोवरावर जायची गरज नाही. कोकरनागच्या सरकारी ट्राउट केंद्रात ताजा रेनबो ट्राउट विकत मिळतो.

जागा स्थानिकांची आहे, हे विसरू नका

गंगाबल हे काश्मिरी पंडितांचे तीर्थ आहे. पूर्वजांच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हरमुख-गंगाबल यात्रा भरते. यात्रेच्या तारखा आधी विचारा. त्या दिवसांत आणि विसर्जनाच्या काठावर गळ टाकू नका, मग परवान्यात तसे लिहिलेले असो वा नसो.

कुरणांवर उन्हाळ्यात गुज्जर आणि बकरवाल कुटुंबे गुरे-मेंढ्या घेऊन येतात. त्यांच्या डेऱ्याजवळून जाताना आवाज द्या. राखणीच्या कुत्र्यांपासून अंतर ठेवा. माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो विचारूनच काढा. वाटेत लष्कराच्या तपासणी चौक्या आहेत. मूळ ओळखपत्र ठेवा, चौक्यांचे फोटो काढू नका आणि ड्रोन नेऊ नका.

आयोजकाशी व्यवहार आणि तुमचे हक्क

'ट्राउट फिशिंगसह ट्रेक' असे जाहिरातीत लिहिलेले असले, तरी पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर पुढील गोष्टींची लेखी उत्तरे घ्या:

- मासेमारीचा परवाना कोण काढणार, कोणाच्या नावावर, कोणत्या सरोवरासाठी?
- गळासाठी नेमके किती तास किंवा दिवस राखलेले आहेत?
- रॉड भाड्याने मिळणार असेल तर कोणता आणि किती जणांत एक?
- मार्ग बंद झाला तर किती पैसे परत मिळणार?
- प्राणवायू, प्रथमोपचार आणि रुग्णाला खाली आणायची काय सोय आहे?
- विमा आहे का आणि तो किती उंचीपर्यंत लागू आहे?

कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर आधी आयोजकाला लेखी कळवा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. त्यासाठी श्रीनगरला किंवा दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावत्या आणि ईमेल जपून ठेवा.

निघण्यापूर्वी ही यादी तपासा

1. चालू वर्षी मार्ग खुला असल्याची खात्री
2. प्रत्येकाच्या नावाचा, योग्य सरोवराचा मासेमारी परवाना
3. डॉक्टरांची तपासणी आणि उंचीवर लागू होणारा विमा
4. सोनमर्गच्या दोन रात्रींचे आरक्षण
5. अटींनुसार निवडलेले, धुऊन वाळवलेले सामान
6. रोख पैसे, मूळ ओळखपत्र, घरच्यांकडे परतीची तारीख

यातल्या पहिल्या चारपैकी एकही गोष्ट राहिली असेल, तर बेत पुढच्या वर्षावर ढकला किंवा सिंध-लिद्दरच्या काठावर समाधान माना. या सहा ओळी पुऱ्या झाल्या असतील तर निश्चिंत मनाने जा. एखादा दिवस गळाला काहीच लागले नाही तरी ती सहल वाया गेली असे मानू नका. नियम पाळून, शरीर सांभाळून आणि सरोवराला धक्का न लावता केलेली मासेमारी हीच पुढच्या माणसासाठी तिथे मासा राखते.